सही राष्ट्रपतींची, निर्णय कोणाचा?

शाळेच्या सूचनाफलकावर मी एकदा शालेय पोषण आहाराचा जीआर लावला होता. जीआर म्हणजे शासन निर्णय. वर 'महाराष्ट्र शासन', त्याखाली विभागाचं नाव, मंत्रालयाचा पत्ता आणि तारीख, मग प्रस्तावना, मग निर्णय. सगळ्यात शेवटी एक ओळ होती: 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. त्या ओळीखाली राज्यपालांची सही नव्हती. मंत्रालयातल्या एका उपसचिवांची डिजिटल स्वाक्षरी होती.

आठवीतल्या एका मुलाने त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "बाई, खिचडीत काय घालायचं ते राज्यपाल ठरवतात?"

प्रश्न मला फार आवडला. 'कार्यकारी मंडळ' हा धडा मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात, कारण त्यात नुसती पदांची नावं येतात. खरी गंमत त्या शेवटच्या ओळीत आहे. नाव एकाचं, सही दुसऱ्याची आणि निर्णय तिसऱ्याचा. राज्यात जसे राज्यपाल, तसे देशात राष्ट्रपती. म्हणून हे असं का, ते कळलं की राष्ट्रपतींचे अधिकार आपोआप कळतात.

आधी कार्यकारी मंडळ म्हणजे काय ते पाहू. कायदा करते संसद. कायद्याचा अर्थ लावण्याचं आणि वाद मिटवण्याचं काम न्यायालयाचं. आणि कायदा रोजच्या जगण्यात उतरवायचा, म्हणजे रस्ते बांधायचे, रेल्वे चालवायची, सैन्य सांभाळायचं, परदेशांशी बोलणी करायची, शाळेत तांदूळ पोचवायचा, हे सगळं कार्यकारी मंडळाचं. देशपातळीवर त्यात राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ येतात. त्यांच्या हाताखाली सचिवांपासून तुमच्या गावच्या पोस्टमनपर्यंत लाखो माणसं राबत असतात.

संविधानाचं ५३ वं कलम सांगतं की देशाची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या हाती आहे. ७७ वं कलम सांगतं की केंद्र सरकारचा सगळा कारभार राष्ट्रपतींच्या नावाने चालेल. सैन्याच्या तिन्ही दलांचे सरसेनापतीही राष्ट्रपतीच. पंतप्रधान, राज्यपाल, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, सगळ्यांच्या नेमणुकीवर त्यांचीच सही. एवढं वाचून कुणालाही वाटेल की देशात सर्वांत ताकदवान माणूस हाच. मग ७४ वं कलम येतं आणि चित्र पालटतं: राष्ट्रपतींना साहाय्य करायला आणि सल्ला द्यायला पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली एक मंत्रिमंडळ असेल, आणि राष्ट्रपती त्या सल्ल्याप्रमाणे वागतील.

इथे 'सल्ला' या शब्दाने गोंधळ होतो. घरात आजी सल्ला देते, तो ऐकायचा की नाही ते आपल्या हातात असतं. ७४ व्या कलमातला सल्ला तसा नाही. तो मानावाच लागतो.

दोन शब्द, दोन पद्धती

मराठी बातम्या नीट ऐका. अमेरिकेच्या प्रमुखाला आपण बहुतेक वेळा 'राष्ट्राध्यक्ष' म्हणतो आणि भारताच्या प्रमुखाला 'राष्ट्रपती'. इंग्रजीत दोघांना एकच शब्द आहे. मराठीने दोन शब्द रुजवले ते बरं झालं, कारण ही दोन पदं खरोखरच वेगळी आहेत.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष देशाचाही प्रमुख असतो आणि सरकारचाही. तो चार वर्षांसाठी निवडून येतो. तो त्यांच्या संसदेचा सभासद नसतो. त्याचे मंत्री त्याला सल्ला देतात, पण तो मानायचा की नाही हे त्याचं तो ठरवतो. संसदेने पाठवलेलं विधेयक पटलं नाही तर तो नाकारू शकतो, आणि ते पुन्हा पुढे रेटायचं तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणून तिथल्या राष्ट्राध्यक्षाने एखाद्या आदेशावर सही करून कागद कॅमेऱ्यासमोर धरला, तर तो निर्णय बहुतेक वेळा त्याचा स्वतःचा असतो. अर्थात त्यालाही कुंपण आहे. १९५२ साली कोरियाचं युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी संप टाळण्यासाठी देशातले पोलादाचे कारखाने सरकारच्या ताब्यात घेण्याचा आदेश काढला. दोन महिन्यांच्या आत त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हा अधिकार तुम्हाला नाही. कारखाने परत करावे लागले.

भारतात हे काम दोन खुर्च्यांमध्ये विभागलं आहे. देशाचे प्रमुख राष्ट्रपती, सरकारचे प्रमुख पंतप्रधान. हा फरक सगळ्यात स्पष्ट शब्दांत सांगितला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना. आपला राष्ट्रपती देशाचं प्रतिनिधित्व करतो, देशावर राज्य करत नाही, असं ते म्हणाले. पुढे त्यांनी एक उपमा दिली: राष्ट्राचे निर्णय ज्या शिक्क्याने जाहीर होतात, त्या शिक्क्यावरच्या चिन्हासारखं हे स्थान आहे.

शिक्क्याची ही उपमा आपल्याला पटकन कळायला हवी. पेशव्यांच्या कागदांवरचे शिक्के पाहिलेत तर त्यांत आधी शाहू महाराजांचं नाव येतं आणि मग पेशव्यांचं. कारभार पेशवे करत, नाव छत्रपतींचं असे. पण ही तुलना फार ताणू नका. पेशव्यांना लोकांनी निवडून दिलं नव्हतं आणि लोक त्यांना घरी बसवू शकत नव्हते. आपल्या मंत्रिमंडळाचं तसं नाही. ते लोकसभेला जबाबदार असतं. लोकसभेने 'आमचा तुमच्यावर विश्वास नाही' म्हटलं की सगळं मंत्रिमंडळ जातं, मग राष्ट्रपतींना ते कितीही आवडत असो. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयींचं सरकार असंच गेलं. विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ मतं पडली आणि विरोधात २७०. एका मताने सरकार पडलं.

म्हणजे निर्णय घेणाऱ्यांना दर क्षणी कुणीतरी जाब विचारू शकतं. आणि ज्यांना असा रोज जाब विचारता येत नाही, त्या राष्ट्रपतींनी स्वतःच्या मनाने कारभार हाकू नये, अशी ही मांडणी आहे.

पहिल्याच राष्ट्रपतींना पडलेला प्रश्न

डॉ. राजेंद्रप्रसाद आपले पहिले राष्ट्रपती, स्वातंत्र्यलढ्यातले मोठे नेते. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कायदा बदलणारं विधेयक संसदेत होतं. स्त्रियांना वारसाहक्क आणि घटस्फोटाचा हक्क देणारं हे विधेयक राजेंद्रप्रसादांना मान्य नव्हतं. त्यांनी पंतप्रधान नेहरूंना कळवलं की या बाबतीत मला स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यायचा आहे.

तेव्हा ७४ व्या कलमात 'सल्ला मानावाच लागेल' असे शब्द नव्हते. नेहरूंनी महान्यायवादी, म्हणजे सरकारचे सर्वांत वरचे कायदा सल्लागार, मोतीलाल सेटलवाड आणि घटनातज्ज्ञ अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचं मत घेतलं. दोघांनीही सांगितलं, राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालावं लागेल. राजेंद्रप्रसादांनी प्रकरण ताणलं नाही. ते विधेयक त्या वेळी रखडलं आणि बाबासाहेबांनी त्याच महिन्यात मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पण पुढे त्याचे तुकडे करून १९५५ आणि १९५६ मध्ये वेगवेगळे कायदे झाले, आणि त्यांवर सही झाली ती राजेंद्रप्रसादांचीच. स्वतःला न पटलेल्या कायद्यावर सही करणारा हा माणूस मला मोठा वाटतो. आपलं मत आणि आपलं पद यांतलं अंतर त्यांनी पाळलं.

सल्ला बंधनकारक आहे हे संविधानात शब्दांत लिहिलं गेलं ते १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने. त्याच्या आदल्या वर्षी जे घडलं होतं, ते थोडं सावकाश पाहू.

२५ जून १९७५ ची रात्र. पंतप्रधान इंदिरा गांधींकडून राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्याकडे एक पत्र आलं. देशात आणीबाणी जाहीर करायची होती. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाच्या बैठकीत व्हायला हवा. पण पत्रात म्हटलं होतं की आज रात्री बैठक घेणं शक्य नाही, म्हणून सरकारी कामकाजाच्या नियमांतल्या १२ व्या नियमाचा वापर करून मी ही अट बाजूला ठेवत आहे. या नियमाप्रमाणे तातडीच्या वेळी पंतप्रधानांना ठरलेली पद्धत मोडता येते आणि मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर घेता येते. मध्यरात्रीच्या थोडं आधी राष्ट्रपतींनी सही केली. मंत्र्यांना हे समजलं दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बैठकीत. तोवर विरोधी पक्षांच्या नेत्यांची धरपकड सुरू झाली होती. पुढचे एकवीस महिने वर्तमानपत्रांवर बंधनं होती आणि हजारो लोक खटल्याविना तुरुंगात होते.

त्या रात्री राष्ट्रपतींनी 'मंत्रिमंडळाची बैठक घ्या, मग सही करतो' एवढं म्हटलं असतं तर? मला वाटतं, म्हणायला हवं होतं. तो निर्णय रोखायला नव्हे, निदान तो मंत्रिमंडळाने घेतलाय याची खात्री करायला.

आणीबाणी उठल्यावर आलेल्या संसदेने १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीत दोन गोष्टी लिहून ठेवल्या. पहिली: आणीबाणी जाहीर करायची तर कॅबिनेटचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवलेला हवा. पंतप्रधानांचं एकट्याचं पत्र चालणार नाही. दुसरी: मंत्रिमंडळाचा कुठलाही सल्ला राष्ट्रपती एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतील. तोच सल्ला पुन्हा आला, तर मात्र मानावा लागेल.

१२ वा नियम आजही आहे. महाराष्ट्रात १२ नोव्हेंबर २०१९ ला राष्ट्रपती राजवट लागली, आणि २३ नोव्हेंबरच्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठवण्यात आली. तो निर्णयही मंत्रिमंडळाच्या बैठकीविना, याच नियमाखाली झाला होता. राज्यातले लोक जागे झाले तेव्हा नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी होऊन गेला होता. तुम्ही तेव्हा अगदी लहान होतात. घरातल्या मोठ्यांना त्या सकाळबद्दल विचारा, प्रत्येक जण काहीतरी सांगेल. माझ्या मते, तातडीसाठी ठेवलेला नियम जेव्हा जेव्हा वापरला जातो, तेव्हा तातडी काय होती हे लोकांना सांगितलं जायला हवं.

'पुन्हा एकदा विचार करा'

एकदाच परत पाठवता येतं, पुन्हा आलं तर सही करावीच लागते, मग उपयोग काय, असं वर्गात हमखास कुणीतरी म्हणतं. उपयोग आहे. परत पाठवल्याची बातमी होते. लोक विचारायला लागतात की राष्ट्रपतींना यात काय खटकलं. आणि सरकारला आपला निर्णय उजेडात, सगळ्यांसमोर पुन्हा घ्यावा लागतो.

ऑक्टोबर १९९७ मध्ये इंद्रकुमार गुजराल यांच्या मंत्रिमंडळाने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस केली. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी ती परत पाठवली. सरकारने ती पुन्हा पाठवलीच नाही, विषय संपला. पुढच्या वर्षी वाजपेयी सरकारची बिहारबद्दलची तशीच शिफारस नारायणन यांनी परत पाठवली. दोन वेगळ्या पक्षांची सरकारं, दोन वेगळी राज्यं, आणि दोन्ही वेळा कसोटी एकच लावली. म्हणून मला नारायणन यांचं उदाहरण वर्गात सांगायला आवडतं.

विधेयकांचंही असंच आहे. संसदेने मंजूर केलेलं विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय कायदा होत नाही. राष्ट्रपती ते एकदा परत पाठवू शकतात, फक्त अर्थविधेयक आणि घटनादुरुस्तीचं विधेयक तेवढं परत पाठवता येत नाही. २००६ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी 'लाभाच्या पदां'बद्दलचं विधेयक परत पाठवलं. खासदाराने सरकारकडून फायदा देणारं दुसरं पद घेऊ नये असा नियम आहे, आणि त्यातून काही पदांना सूट देणारं हे विधेयक होतं. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं आणि ऑगस्टमध्ये कलामांनी सही केली. नियम तसाच आहे.

सगळ्यात विलक्षण गोष्ट ग्यानी झैलसिंग यांची. १९८६ मध्ये संसदेने टपाल खात्याच्या कायद्यात बदल करणारं विधेयक मंजूर केलं. त्यामुळे सरकारला लोकांची पत्रं अडवून उघडण्याचे मोठे अधिकार मिळणार होते. त्या काळी मोबाइल नव्हते. सुखदुःखाच्या गोष्टी, नोकरीच्या, लग्नाच्या, भांडणाच्या, सगळ्या पत्रातूनच जात. झैलसिंगांनी त्या विधेयकावर सही केली नाही, आणि ते परतही पाठवलं नाही. नुसतं ठेवून दिलं! संमती द्यायची मुदत संविधानात लिहिलेली नाही, ती फट त्यांनी अचूक वापरली. त्यांच्यानंतर आलेल्या आर. वेंकटरामन यांनी ते संसदेकडे परत पाठवलं, आणि अखेर २००२ मध्ये सरकारने ते मागे घेतलं. एक न केलेली सही किती काम करू शकते, ते यातून दिसतं.

एक जागा अशी आहे की जिथे राष्ट्रपतींना सल्ला द्यायला कुणी नसतं. निवडणूक होते आणि कुणालाच बहुमत मिळत नाही. जुनं सरकार हरलेलं, नवं अजून आलेलं नाही. पंतप्रधान म्हणून कुणाला बोलवायचं? १९९६ मध्ये शंकरदयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून वाजपेयींना बोलावलं. बहुमत जमलं नाही आणि ते सरकार तेरा दिवसांत गेलं. १९९८ मध्ये नारायणन यांनी वेगळी वाट धरली. पाठिंबा देणाऱ्या पक्षांची पत्रं आधी दाखवा, मग बोलावतो, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन्ही निर्णय संविधानात बसतात. तिथे राष्ट्रपतींचा स्वतःचा विवेक लागतो.

पुण्यातले प्राध्यापक आणि उसाचा अध्यादेश

संसदेचं अधिवेशन चालू नसेल आणि कायद्याची निकड असेल, तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राष्ट्रपती अध्यादेश काढतात. तो कायद्याइतकाच लागू होतो, पण तात्पुरता. संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याला मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. राज्यांत हाच अधिकार राज्यपालांना आहे.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांच्या लक्षात आलं की बिहारमध्ये अध्यादेश मरतच नाहीत. मुदत संपत आली की तोच अध्यादेश पुन्हा काढायचा, विधानसभेत न्यायचाच नाही. त्यांनी जुनी राजपत्रं उलटून मोजणी केली. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश निघाले होते आणि त्यांतले अनेक असे पुन्हा पुन्हा जिवंत केलेले होते. उसाबद्दलचा एक अध्यादेश तर तेरा वर्षांहून जास्त काळ चालला. म्हणजे अध्यादेश निघाला तेव्हा पहिलीत असलेलं मूल दहावी होऊन बाहेर पडलं, तरी आमदारांनी त्यावर मत दिलेलं नव्हतं.

वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की ही संविधानाची फसवणूक आहे. खर्चापोटी दहा हजार रुपये त्यांना द्यायला सांगितलं. एका शिक्षकाने चिकाटीने कागद मोजले आणि कार्यकारी मंडळाच्या एका वाईट सवयीला सर्वोच्च न्यायालयाचा आळा बसला.

आता राष्ट्रपती येतात कुठून, ते थोडक्यात. तुमचे आईबाबा त्यांना थेट मत देत नाहीत. निवडून आलेले खासदार आणि आमदार मत देतात, आणि आमदाराच्या मताचं मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरतं. पाटी घ्या. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती सुमारे ५ कोटी ४ लाख. तिला २८८ आमदारांनी भागा, आलेल्या उत्तराला १००० ने भागा. उत्तर येतं १७५. हे आपल्या प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य. सिक्कीमच्या आमदाराचं ७, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८. जनगणना इतकी जुनी का, तर ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचं वजन त्यापायी घटू नये म्हणून. याच पद्धतीने २००७ मध्ये आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, आणि २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू देशाच्या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती.

खिचडीच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी आम्ही वर्गातच शोधलं. जीआर फलकावरून काढून बाकावर ठेवला. शेवटच्या ओळीतलं राज्यपालांचं नाव ओलांडून मुलांना बोट वर न्यायला सांगितलं, जिथे विभागाचं नाव होतं. तो विभाग कोणत्या मंत्र्यांकडे आहे ते एकीने मोबाइलवर पाहून सांगितलं. त्या मंत्र्यांना विधानसभेत प्रश्न कोण विचारू शकतं? आमदार. आपले आमदार कोण? चौघांना माहीत होतं, बाकीच्यांनी त्यांच्याकडून उतरवून घेतलं. आणि ज्याने प्रश्न विचारला होता, त्याने वहीचं मागचं पान उघडून 'माननीय आमदार महोदय' असं लिहिलं, आणि मला विचारलं, "बाई, वाटाणा आठवड्यातून दोनदा हवा, हे आधी लिहू की आमच्या शाळेचं नाव आधी?"